ई-डीचे तीन आवाज

गोळीबार चौकात बॅटरीच्या दुकानावर
लोखंडी जिना चढून क्लास आहे.
खालून ॲसिडचा वास, वर एक पंखा,
अन् बारा जण, बेंचात गुडघे न मावणारे.
हेडाऊ मॅडम तेवीस वर्षांची.
मी त्रेपन्नची, मेयोत सहा नंबर वार्डाची आया.
ड्यूटी सुटली की निळ्या साडीतच येते.

पहिल्या दिवशी नाव विचारलं.
घरी मी वच्छला. कागदावर वत्सला.
आयकार्डावर कोण्या बाबूनं डब्ल्यूनं सुरू केलं,
पेन्शनच्या फॉर्मवर व्हीनं.
मॅडम म्हणाली, दातानं खालचा ओठ धरा, हा व्ही.
ओठ गोल करा, हा डब्ल्यू.
मी दोन्ही करून पाह्यलं.
माय हाक मारे
तवा तिले ओठाचं कोणी शिकवलं नव्हतं.

मंग निघाली शेपट्यांची वही.
टी-आय-ओ-एन लिहायचं अन् म्हणायचं शन.
"हे तं येते," ऑटोवाला गजभिये म्हणे,
"स्टेशन स्टेशन वरडत जिंदगी गेली,
मधात टी बसला आहे हे आज समजलं."
मी विचारलं, बोलायचाच नाही तं ठेवला काऊन?
मॅडम जराशी थांबली.
म्हणाली, आधी राहत असन कोणी.
घर सोडून गेला, पाटी राहिली.

ई-डीचं नाव काढल्याबरोबर गजभिये:
"धाड पडली का मॅडम?"
हसणं थांबल्यावर फळ्यावर तीन रेघा.
लिहिणं एकच, आवाज तीन.
स्टॉप्ट. ट.
डिस्चार्ज्ड. ड.
ॲडमिटेड. इड.
ई-डीच्या आधी गळा थरथरते का पाहा, म्हणे.
बाराही जण गळ्याले हात लावून बसलो,
जसा सगळ्यांचा घसा एकदमच धरला.

मले हे शब्द ओळखीचे.
सहा नंबरात फाईलच्या कपाळावर हेच असते.
अजून एक असते. तो मी फळ्यासाठी सांगितला नाही.
एक्स्पायर्ड.
बोट गळ्यावर होतंच,
म्हणून हळूच म्हणून पाह्यला.
थरथरला गळा. ड.

आय-एन-जीच्या दिवशी मॅडम अडली.
पुस्तकात होतं: तो जात आहे.
असं आमच्याकडे रेडिओ बोलते.
गजभिये म्हणे, "जाऊन राहिला."
मॅडमनं खडू ठेवून दिला.
पुण्याले होस्टेलात
"काय करून राहिली गं?" म्हणून पोरी तिची नक्कल करत.
दोन वर्षं तिनं 'राहिली' गिळली.
मंग एकदम म्हणाली,
"उसना नाही आणायचा बरं का,
तुमच्या घरात आय-एन-जी आधीपासून आहे."
अन् नाक पुसलं, डस्टरवाल्या हातानंच.

काल रात्री अडीच वाजता वार्डातला फोन वाजला.
सिस्टर दुसऱ्या पेशंटजवळ, हात रक्ताचे.
पलीकडे केरळचा नवा डॉक्टर,
त्याले मराठी नाही, मले त्याचं काही नाही.
बेड इलेव्हन? इतकंच समजलं.
अकरा म्हणजे तो शटरिंगवरून पडलेला पोरगा.
मी वळून पाह्यलं. चादर वर होत होती, खाली होत होती.
वही आठवली:
श्वासाच्या शेवटी ई लागला की श्वास घेणं होते,
अन् आय-एन-जी आला की ई उठून जाते,
आवाज लांब ठेवून.
जीभ दाताखाली धरली.
"ब्रीदिंग, सर."
पलीकडे काहीच नाही.
मले वाटलं, चुकलं.
"श्वास घेऊन राहिला, सर," मी म्हटलं.
"ओके," तो म्हणे, "कमिंग."

फोन ठेवला.
जिन्यात बुटांचा आवाज
येऊन राहिला होता.